बायबॅक आला म्हणून शेअर चढत नाही

गेला आठवडाभर बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. बायबॅक म्हणजे कंपनीने आपलेच शेअर भागधारकांकडून परत विकत घेणं. मेसेजचं सार असं: ‘बायबॅक जाहीर झाला की शेअर घ्या, संख्या घटते म्हणून भाव चढणारच. मधे पडला तर ते शॉर्टवाल्यांचं कारस्थान. पण कंपनी त्यांचेच शेअर उचलून त्यांना चिरडते.’ शॉर्टवाला म्हणजे हातात नसलेला शेअर आधी विकून, भाव पडल्यावर स्वस्तात परत घेऊ पाहणारा. दांडिया बाजारात शेवउसळ खाताना दोघांनी मला हा वाचून दाखवला. उसळ गार झाली, म्हणून लिहितोय.

संख्या घटते हे खरं. परत घेतलेले शेअर कंपनीला रद्दच करावे लागतात. पण पैसे कुणाच्या खिशातून गेले? चार भावांचा वाडा धरा. किंमत 60 लाख, सामायिक खात्यात 20 लाख, म्हणजे प्रत्येकाचा वाटा 20 लाख. धाकट्याला खात्यातले 20 लाख देऊन मोकळं केलं. उरलेल्या प्रत्येकाचा हिस्सा पाव होता तो एक तृतीयांश झाला, पण खातं रिकामं. वाटा पुन्हा 20 लाखच! धाकटा 17 लाखांत मानला असता तर तिघांना 21 पडले असते. 3 लाख कर्ज काढून त्याला 23 दिले असते, तर 19. म्हणजे प्रश्न भाऊ किती उरले हा नाही, भाव काय दिला हा आहे.

टीसीएस या आयटी कंपनीचंच बघा. जानेवारी 2022 मध्ये 4,500 रुपयांनी बायबॅक जाहीर झाला, तेव्हा शेअर 3,850 च्या आसपास होता. त्याच सप्टेंबरात तो 3,000 च्या घरात आला, कारण आयटीचीच हवा फिरली होती. बायबॅकची रक्कम 18,000 कोटी ऐकून डोळे दिपतात, पण घेतले 4 कोटी शेअर, एकूण शेअरांच्या जेमतेम 1 टक्का.

‘शॉर्टवाल्यांचे शेअर उचलते’ हे तर हसण्यावारी नेण्यासारखं. टेंडर ऑफरमध्ये, म्हणजे कंपनी भागधारकांकडून शेअर मागवते तेव्हा, रेकॉर्ड डेटला (भागधारकांची यादी पक्की होते त्या तारखेला) ज्यांच्या डिमॅट खात्यात शेअर आहेत त्यांच्याकडूनच घेते. शॉर्टवाल्याकडे ते नसतातच, तो देणार काय? कंपनीने थेट बाजारातून खरेदी करायचा रस्ता बाजाराची नियामक संस्था सेबीने 1 एप्रिल 2025 पासून बंद केला.

शॉर्टवाला विकतो तेव्हा भावावर दबाव येतो, कबूल. बाजार घाबरलेला असेल तर जास्तच. पण त्याला ते परत घ्यावेच लागतात, आणि कॅश मार्केटमध्ये, म्हणजे शेअरांच्या नेहमीच्या रोखीच्या बाजारात, आपल्यासारख्याला त्याच दिवशी. मी एकदा हौसेने एका छोट्या कंपनीचे 100 शेअर सकाळी शॉर्ट केले. दुपारी अप्पर सर्किट, म्हणजे भाव त्या दिवसाच्या कमाल मर्यादेला टेकला. स्क्रीनवर विकणाऱ्यांचा रकाना कोरा. डिलिव्हरी देता आली नाही, सौदा ऑक्शनमध्ये गेला (बाजाराने ते शेअर माझ्या खर्चाने लिलावात घेतले), आणि तो भुर्दंड बायकोला सांगायला मला चार दिवस लागले.

मोठ्यांचीही गत वेगळी नसते. 1982 मध्ये कलकत्त्याच्या मंदीवाल्यांनी, म्हणजे भाव पडेल यावर खेळणाऱ्यांनी, हातात नसलेले रिलायन्सचे शेअर विकले. धीरूभाई अंबानींच्या बाजूच्या दलालांनी ते घेतले आणि थेट डिलिव्हरी मागितली. मंदीवाल्यांकडे द्यायला शेअरच नव्हते, आणि मुंबई शेअर बाजार तीन दिवस बंद ठेवावा लागला.

मेसेजमध्ये नसलेली एक कामाची गोष्ट. रेकॉर्ड डेटला ज्यांच्याकडे त्या कंपनीचे 2 लाखांपर्यंतचे शेअर आहेत, अशा छोट्या भागधारकांसाठी टेंडर ऑफरमध्ये 15 टक्के राखीव असतात. मात्र रेकॉर्ड डेटच्याच दिवशी घेतलेला शेअर त्यात धरत नाहीत.