जुन्या कॉर्नेटला ‘कुठलंही सेव्हन सी’ चालत नाही

जुनं कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच, पण आटोपशीर पितळी वाद्य) किंवा ट्रम्पेट हाती आलं की एक सल्ला हमखास मिळतो. सेव्हन सी (7C) मापाचं माउथपीस, म्हणजे ओठ टेकवून फुंकायचा सुटा तुकडा, घ्या, सैल बसलं तर टेफ्लॉन टेप गुंडाळा, सूर चढा लागला तर माउथपीस जरा बाहेर ओढा. सोपा आहे म्हणूनच तो इतका फिरतो. कॉर्नेटच्या बाबतीत मात्र त्यातलं एकही कलम टिकत नाही.

‘सेव्हन सी सगळ्यांना बसतं.’ ओठांना बसेलही, वाद्याला बसेल असं नाही. माउथपीस बनवणाऱ्या बाख कंपनीच्या पद्धतीत आकडा ओठांसमोरच्या वाटीची रुंदी सांगतो (आकडा लहान, वाटी रुंद) आणि अक्षर खोली सांगतं. वाद्यात जाणाऱ्या शेपटीबद्दल दोन्ही गप्प. ट्रम्पेटची शेपटी जाड, कॉर्नेटची बारीक. ट्रम्पेटचं माउथपीस कॉर्नेटमध्ये जेमतेम शिरून अडतं. शिवाय जुन्या कॉर्नेटची वाटी खोल, नरसाळ्यासारखी असायची. त्याचा तो गोल, मऊ आवाज बराचसा तिथूनच येतो. उथळ वाटी लावली तर वाजेल, पण ट्रम्पेटसारखं.

‘सैल असेल तर टेप.’ इथे जरा हिशेब करा. शेपटी टोकाकडे निमुळती होत जाते; आज हा उतार साधारण 20 ला 1 असतो, म्हणजे व्यासात दशांश मिलिमीटरचा फरक पडला की माउथपीस 2 मिलिमीटर आत-बाहेर सरकतं. शेपटीचं टोक आणि आतली नळी यांच्यातल्या अंतराने स्वर किती सहज फुटतो हे बदलतं, आणि टेपचा एखादा वेढाच ते अंतर बिघडवायला पुरतो. खरी तपासणी फुकटात होते. शेपटीवर मार्करने लांबीच्या दिशेने चार रेघा ओढा, माउथपीस अलगद बसवून किंचित फिरवा आणि काढा. रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या गेल्या तर उतार जुळला. फक्त टोकाला किंवा फक्त वरच्या काठाला पुसल्या तर नाही जुळला. मग टेप लावा नाहीतर कागद, ते डुगडुगणारच. शेपटी थोडीच जाड असेल तर चांगला लेथवाला उतरवून देतो.

‘ट्रम्पेटचं बरोब्बर बसलं, म्हणजे तेच त्याचं.’ थांबा. एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच कॉर्नेटना माउथपीस आणि वाद्य यांच्यामध्ये एक सुटी छोटी नळी असे, वाद्याचा मूळ सूर बी फ्लॅट हवा तर एक, ए हवा तर दुसरी. ती पेटीतून हरवली की उरलेलं भोक मोठं दिसतं आणि भलतंच माउथपीस त्यात बसतं. नळी आखूड झाल्याने सूरही चढतो. अशा वाद्याला आधी ती नळी मिळवायला हवी, माउथपीस नंतर.

‘चढा सूर असेल तर बाहेर ओढा.’ ब्रिटिश ब्रास बँड 1960च्या दशकाच्या मध्यापर्यंत ए (वाद्यं जुळवायचा स्वर) सुमारे 452 हर्ट्झवर वाजवत. आजचा ए 440. फरक जवळजवळ अर्ध्या सेमीटोनचा (सेमीटोन म्हणजे लगतच्या दोन स्वरांतलं अंतर). बी फ्लॅट कॉर्नेटची नळी साधारण सव्वा ते दीड मीटर, म्हणजे ती जवळपास 4 सेंटीमीटर वाढवायला हवी. माउथपीस मुळात आत जातं 2 सेंटीमीटरच्या आसपास! एवढं ओढलं तर ते हातात येईल. ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) लांब करावी लागते, त्या प्रमाणात तिन्ही व्हॉल्व्हच्या, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळांच्या, स्लाइडही, आणि ते काम दुरुस्ती करणाऱ्याचं.

युफोनियम (कॉर्नेटहून मोठं, खालच्या सुरांचं पितळी वाद्य) वाजवणाऱ्यांचं दुखणं वेगळं. 1970च्या दशकापर्यंतच्या बेसन कंपनीच्या अनेक युफोनियमना मधल्या मापाची शेपटी लागते. आजचं लहान माउथपीस त्यात आत घुसतं, मोठं अडतं. आपल्या लग्नाच्या बँडांत मेरठच्या जाली कोठी या वाद्यं बनवणाऱ्या वस्तीतली वाद्यंही भरपूर. त्यांच्यासाठी फोनवर नंबर सांगून माउथपीस मागवू नका, वाद्य काखोटीला मारून दुकानात जा. आणि मार्कर खिशात असू द्या.