फॉर्मवर खोटं लिहून पाण्यात उतरायचं नाही

दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसले. लांबलचक होईल. वेळ असेल त्यांनी वाचा.

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर डिसेंबरच्या मालवण सहलीचं ठरतंय. सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली, देवबागला मुक्काम आणि अर्थातच स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्राखाली जाणं. माझ्या धाकट्या बहिणीला शाळेत असल्यापासून अपस्मार आहे. गोळ्या चालू आहेत, फीट आता क्वचित येते. तिने साधं विचारलं, "मला चालेल का?" त्यावर आमच्या एका भावाचं उत्तर, "तिथे फॉर्म देतात, सगळीकडे 'नाही' लिहायचं. कोण वाचतंय!" त्याच्याखाली लगेच काकू, "कशाला नसते धंदे? तू आपली आमच्याबरोबर किनाऱ्यावर बस, सामानाजवळ कुणीतरी लागतंच." दोन्ही मेसेजना अंगठे पडले आणि गाडी सुरमई कुठे चांगली मिळते त्यावर गेली. तिचा त्यानंतर एक शब्द नाही ग्रुपवर.

आधी फॉर्मवाल्याचं बघते. अरे बाबा, 'फीट येते का' हा प्रश्न कुणाची खोड काढायला विचारत नाहीत. पाण्याखाली फीट आली की तोंडातलं हवा देणारं रेग्युलेटर सुटतं, बेशुद्ध माणूस पाणी ओढतो, बुडतो. मग लगेच वर आणायचं? तर फीटच्या झटक्यात घसा आवळलेला असू शकतो, छातीत भरलेली हवा बाहेर पडत नाही. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो, म्हणजे वर येता येता तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटतं, हवा रक्तात शिरते, मेंदूपर्यंत जाते. दीड-दोन मीटरवरूनसुद्धा हे होऊ शकतं, तेव्हा "आपलं तर उथळच असतं" हेही नको. खाली ठेवलं तर बुडणार, वर आणलं तर हे. बरोबरचा डायव्हर कितीही तयारीचा असो, त्याच्यापुढे चांगला रस्ताच उरत नाही.

ज्यांना हे पुस्तकी वाटतंय त्यांना तरणतलावावरची एक सकाळ सांगते. बहीण कॉलेजात होती, आमच्या भागातल्या तलावावर पोहायला जायची. मी काठावर होते. ती फ्रीस्टाइल करत माझ्याच दिशेने येत होती. उजवा हात पाण्याबाहेर आला आणि तिथेच वाकडा, ताठ राहिला. मान एका बाजूला वळली. आणि ती आडवीच्या आडवी खाली गेली. पाणी उडालं नाही, हाक नाही, काही नाही. शेजारच्या लेनमधल्या बाई पोहत पुढे निघून गेल्या, त्यांना पत्ताच नाही. तिचे पोहण्याचे सर मात्र पाण्यातच, तिच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. त्यांनी मागून हनुवटी धरून तोंड पाण्यावर आणलं आणि झटके थांबेपर्यंत तसंच धरून ठेवलं. मग काठावर घेतलं, कुशीवर वळवलं. कुणीतरी चप्पल हुंगवायला धावत आलं, त्याला सरांनी असं हाकललं की बास. ती पाच-दहा मिनिटांत बोलायला लागली, तरी सर म्हणाले, "आधी हॉस्पिटल. पाणी छातीत गेलं असेल तर आत्ता कळणार नाही."

त्या जागी दहा मीटर खोल समुद्र ठेवा. सरांनी काय केलं असतं?

म्हणून स्कूबा नाही. गोळ्या चालू असताना तर नाहीच नाही. हो, ब्रिटनमधल्या डायव्हिंग डॉक्टरांच्या समितीचा नियम आहे की पाच वर्षं एकही फीट नाही आणि गोळ्याही बंद असतील तर विचार होऊ शकतो. मान्य. पण स्कूबासाठी म्हणून कुणी गोळ्या बंद करायला निघालं तर मी त्याच्या दारात येऊन बसेन.

आता काकू. तुझी भीती खोटी नाही. अपस्मार असलेल्यांना बुडण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो, घरच्या टबातसुद्धा. आमच्याकडे बाथरूमला आतून कडी लावायची नाही हा नियम उगाच नाही. पण सामान सांभाळ? तिला गाडीचं लायसन्स नाही, कारण त्याच्या फॉर्म एकवर पहिला प्रश्न हाच असतो, आणि ते तिने कधीच स्वीकारलंय. लोकलच्या दारात ती उभी राहत नाही. जागरण नाही, मैत्रिणींच्या पार्टीत घोटभरही नाही. सगळं निमूट पाळणारी मुलगी एक गोष्ट विचारते आणि आपण तिला बॅगांपाशी बसवतो! त्या सकाळनंतर महिन्याभरात ती सरांकडे परत पाण्यात उतरली होती, डॉक्टरांना विचारूनच. आई काठावर हात जोडून उभी असायची. पण आईने जाऊ दिलं.

आणि सर हातभर अंतरावर का होते, माहितीये? पहिल्याच दिवशी आईने त्यांना सगळं सांगितलं होतं म्हणून. नात्यातल्या बायकांनी तिला तेव्हाही वेड्यात काढलं होतं. "पोरीचं लग्न व्हायचंय, कशाला गावभर करतेस?" हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या आड येणाऱ्या गोष्टींत अपस्मार होता, तो १९९९ साली काढून टाकला. कायद्याने काढला, आपल्या बैठकीच्या खोलीतून कधी निघणार? शाळेत लपवा, स्थळाला लपवा, ऑफिसात लपवा. असं वाढवलं की मग समुद्रावर बोटीच्या फळीवर बसून फॉर्मवर 'नाही' लिहिणं सोपंच जातं. भावा, तुझा राग आलाय, पण हे तुला आपणच शिकवलंय.

थोडी शांत झालेय. चहा घेऊन आले.

स्नॉर्कलिंगचं, म्हणजे तोंडात नळी धरून वरूनच पाण्यात बघण्याचं, वेगळं आहे. माणूस पृष्ठभागावर असतो, दाबाची ती भानगड नाही. पण निर्धोक तेही नाही, आणि याचं कारण फार थोड्यांना सुचतं. स्नॉर्कलिंगमध्ये माणूस तोंड पाण्यात घालून निपचित तरंगतो. मासे बघणारी आणि फीट आलेली, बोटीवरून दोघी सारख्याच दिसतात. लाइफ जॅकेट तरंगत ठेवतं, तोंड वर ठेवेलच असं नाही. म्हणून फक्त तिच्यासाठी एक माणूस हवा, पाण्यात, हातभर अंतरावर, आणि त्याला सगळं माहीत हवं. फीट बऱ्याच काळापासून आटोक्यात हवी. आदल्या रात्री पुरी झोप हवी. दादरहून मध्यरात्रीची तुतारी एक्स्प्रेस पकडून, डब्यात गप्पा मारत जागून, कुडाळला उतरून थेट बोटीत, असलं काही नाही. झोपमोड आणि चुकलेली गोळी, फीटला आमंत्रण देणाऱ्या या दोनच गोष्टी आम्ही वर्षानुवर्षं पाहिल्यात. बोट लागून उलटी झाली आणि गोळी बाहेर पडली, तर त्या दिवशी पाण्याचं नाव काढायचं नाही.

संध्याकाळी मालवणच्या एका बोटवाल्यांना फोन केला. सरळ सांगितलं की बहिणीला फीट येते, स्कूबा करणार नाही, स्नॉर्कलिंगचं डॉक्टर ठरवतील. मला वाटलं, नको म्हणून ठेवून देतील. ते म्हणाले, "ताई, आकडी इली तर आमी काय करूचा ता आधी सांगा." मला दोन मिनिटं बोलवेना.

मग सांगितलं. तोंड पाण्यावर धरायचं, हातपाय दाबायचे नाहीत, तोंडात चमचा-बिमचा काही घालायचं नाही. झटके थांबले की बोटीत घेऊन कुशीवर. श्वास चालू नसेल तर लगेच तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं, म्हणजे सीपीआर. पाच मिनिटांच्या वर गेलं तर वाट न बघता हॉस्पिटल, आणि पाण्यात फीट आली तर बरी दिसली तरी हॉस्पिटलच. त्यांनी बरोबर येणाऱ्या मुलालाही फोन स्पीकरवर टाकून ऐकवलं.

न्यूरॉलॉजिस्टची वेळ गुरुवारची मिळालीय. स्नॉर्कलिंगलाही नाही म्हणाले तर नाही, मग कमरेएवढ्या पाण्यात आम्ही दोघी. प्रश्न तिनेच लिहून काढलेत, तिच्यासमोर तिलाच उत्तरं द्या असं मी डॉक्टरांना आधीच सांगणार आहे. आणि घरच्या ग्रुपवरच्या सगळ्यांनो, तोवर तिला कुणी काही सुचवू नका.