ढेरीकडे पाहावे, फळीकडे पाहू नये

पाश्चात्त्यांच्या हावरटपणावर आणि सत्तेवर काढलेली जुनी व्यंगचित्रे पाहण्याचा प्रसंग आला, तर आपली नजर सर्वप्रथम ढेरीवर स्थिरावू द्यावी आणि शक्यतो तेथून हलवू नये. ढेरी म्हणजे लोभ, एवढे म्हणून मान डोलावली की रसिक म्हणून आपले कर्तव्य संपते. बाकीचा कागद कोरा राहू नये म्हणून चित्रकाराने भरलेला असतो, असे समजावे.

ओनोरे दोमिए या फ्रेंच चित्रकाराने १८३१ मध्ये राजा लुई फिलिप याला राक्षसी खादाडाच्या रूपात काढले. त्यात गरीब माणसे टोपल्यांत नाणी टाकतात, हमाल त्या टोपल्या घेऊन एका लांब फळीवरून थेट राजाच्या तोंडापर्यंत चढतात, आणि राजाच्या आसनाखालून सनदा व मानमरातबांचे कागद बाहेर पडतात, जे मिळवण्यासाठी मर्जीतल्या मंडळींची झुंबड उडाली आहे. येथे सावध राहावे. फळी कोणी टाकली, टोपली वाहणाऱ्याला काय मिळते आणि वरून गेलेल्या पैशाचे खालून नेमके काय होते, असले प्रश्न मनात येऊ लागतील. त्यांना थारा देऊ नये. ‘राजा काय लठ्ठ काढला आहे!’ असे म्हणून पुढच्या चित्राकडे वळावे. फ्रेंच सरकारला ही रसिकता जमली नाही; त्याने चित्र पूर्ण समजून घेतले आणि १८३२ मध्ये दोमिएला तुरुंगात टाकले.

जेम्स गिलरे या इंग्रज व्यंगचित्रकाराच्या १८०५ मधील चित्रात ब्रिटनचा पंतप्रधान पिट आणि नेपोलियन एकाच टेबलाशी बसून पृथ्वीच्या आकाराचे पुडिंग कापत आहेत. समुद्र लाटणाऱ्या पिटचा काटा त्रिशुळासारखा आहे. नेपोलियन तलवारीने युरोपचा तुकडा पाडतो आहे. यावर बोलण्याची वेळ आलीच, तर काट्याचे दाते आणि टोपीवरचे पीस यांवर विस्ताराने बोलावे. इंग्रजांची होळकरांशी लढाई त्याच वर्षी चालू होती, म्हणजे आपले पूर्वजही त्याच पुडिंगात होते, ही गोष्ट मात्र काढू नये. ती इतिहासाच्या वेगळ्या प्रश्नपत्रिकेत येते.

जोसेफ केप्लरने १८८९ मध्ये ‘पक’ साप्ताहिकासाठी अमेरिकेची सिनेट काढली, तेव्हा तेल, तांबे, साखर, पोलाद यांच्या मक्तेदारांची पैशांच्या थैल्यांसारखी अवाढव्य पोटे सभासदांच्या पाठीशी उभी केली. वर कोपऱ्यात लोकांसाठीचे दार आहे आणि त्यावर ते बंद असल्याची पाटी आहे. पोटे मोजण्यात मन रमवावे. इतक्या कोपऱ्यात पाहणे मानेला बरे नव्हे.

नेमका अर्थ लावण्याची हौस अंगाशी कशी येते, हे न्यूयॉर्कच्या ट्वीडवरून कळेल. थॉमस नास्टने या पुढाऱ्याच्या डोक्याच्या जागी पैशांची थैलीसुद्धा काढली होती. सरकारी तिजोरी लुटल्यानंतर कैदेतून निसटलेला ट्वीड १८७६ मध्ये स्पेनमध्ये सापडला, तो नास्टच्याच एका चित्रावरून. त्या चित्रात ट्वीडने दोन पोरांना धरलेले होते. ती भुरट्या चोरांची प्रतीके होत. स्पॅनिश अधिकाऱ्यांनी, असे सांगतात, हा मुले पळवणारा इसम आहे असे मानले. प्रतीकशास्त्राचा गंध नसलेल्या त्या मंडळींनी अर्थ साफ चुकवला आणि माणूस मात्र बरोबर धरला. आपल्या हातून असा अडाणीपणा होऊ नये.