वापरातलं आडनाव

लग्नानंतर बाईने आडनाव बदलावं की नाही, हा वाद आपल्याकडे पेटला की दोन्ही बाजू संस्कृती आणि स्वाभिमान यांच्याभोवतीच फिरत राहतात. इंग्लंडमधून ते वाचताना मला तिसऱ्याच बायका आठवतात. त्यांनी सासरचं आडनाव लावलं, पण रीतसर कधीच बदललं नाही. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, बँकेत आणखी तिसरंच. राजपत्रात नाव छापून आणलं नाही, कारण तेव्हा कुणी मागितलंच नव्हतं.

कायद्याने त्यांचं काही चुकलेलं नाही. नवऱ्याचं आडनाव घेण्याची सक्ती भारतात कुठलाही कायदा करत नाही, आणि ते नुसतं वापरणं हा गुन्हाही नाही. सीबीएसईच्या प्रमाणपत्रांवरील नावांच्या खटल्यात 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने नावाचा हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्यात धरला.

घोडं अडतं ते वारस नोंदीपाशी. वडील जातात, सातबाऱ्यावर मुलांची नावं चढवायची असतात. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला, पण ‘ती मुलगी म्हणजे तुम्हीच कशावरून?’ याचं उत्तर तिनेच द्यायचं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा, लग्नाचा दाखला आणा. जुनी लग्नं तर पुष्कळदा नोंदवलेलीच नसतात. ती परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्रावर पासपोर्टातलं नाव येतं आणि गुंता वाढतो. मग घरातलंच कुणीतरी म्हणतं, कशाला एवढी धावपळ, हक्कसोडपत्रावर सही करून टाक. भावाला हिस्सा द्यायचा नसेल तर आडनावातली ही तफावत त्याच्या पथ्यावर पडते. मला याचा मनापासून राग येतो.

इंग्लंडचा जुना कायदा इथे शहाणा आहे. फसवणुकीचा हेतू नसेल, तर माणूस जे नाव लावतो आणि लोक त्याला ज्या नावाने ओळखतात, ते त्याचं नाव. डीड पोल, म्हणजे नाव बदलल्याचा सही केलेला कागद, हा फक्त त्याचा पुरावा. तो साक्षीदारांसमोर सही करून करता येतो, न्यायालयात नोंदवणं ऐच्छिक. अर्थात बँका इथेही कागद मागतातच. शिवाय भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्यांना या मोकळीकीचा उपयोग कमी, कारण व्हिसा पासपोर्टातल्या नावानेच मिळतो. तरीही सुरुवात बाईवर विश्वास ठेवून होते, हे मला मोलाचं वाटतं.

आपल्याकडे उलट. माहेरचं आडनाव परत घ्यायचं तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा नवऱ्याचं ना-हरकत पत्र द्या, अशी अट राजपत्र छापणाऱ्या केंद्राच्या विभागाने घातली. 2024 साली तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. स्वतःच्या जन्मनावासाठी नवऱ्याची हरकत विचारायची? अशी अट असूच नये.

त्याच वर्षी महाराष्ट्राने सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव सक्तीचं केलं, त्याचं कौतुक झालं. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ते लागू आहे. त्याच निर्णयात विवाहितेला मालमत्तेच्या दस्तऐवजात लग्नाआधीचं नाव नोंदवण्याची मुभाही आहे, तिची चर्चा मात्र फारशी कानावर आली नाही. फेरफार करताना तलाठ्याने ही मुभा स्वतःहून सांगावी, आणि सातबाऱ्यावर माहेरचं व सासरचं अशी दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहून घ्यावीत.