पासपोर्ट चोरीला गेला तर पोलिसांत जाऊ नका म्हणे!

दांडिया बाजारातली माझी आत्या पुढच्या महिन्यात पॅरिस-रोमच्या टूरला निघाली आहे. वय ६७, पहिलीच परदेशवारी. परवा तिच्याकडे गेलो तर बाईसाहेब चष्मा लावून वहीत काहीतरी उतरवून घेत होत्या. गेले काही दिवस आमच्या नातलगांच्या प्रत्येक ग्रुपवर फिरणारा 'परदेशात लुटले गेलात तर' हा फॉरवर्ड! पाच मुद्दे, खाली 'जनहितार्थ' आणि जोडलेले हात. अनारशांच्या प्रमाणाखालीच लिहिले होते, म्हणजे आता ती काळ्या दगडावरची रेघ.

पहिल्याच मुद्द्याने माझं डोकं फिरलं. "पासपोर्ट चोरीला गेल्यास पोलिसांत जाऊ नका, कागदपत्रं नाहीत म्हणून तुम्हालाच आत टाकतात. सरळ भारतीय दूतावास गाठा." अहो, दूतावासात गेल्यावर पोलीस तक्रारीची प्रतच तर मागतात! नवा पासपोर्ट असो की भारतात परतण्यापुरतं मिळणारं इमर्जन्सी सर्टिफिकेट, त्या कागदावाचून काम अडतं. चोरीचा विमा घेतला असेल तर त्याचंही तेच. इथे चौकीची पायरी चढायला आपण कचरतो आणि तीच भीती बॅगेत भरून पॅरिसला नेतो.

भाषेचं काय, हा आत्याचा प्रश्न रास्त होता. त्यावर युरोपीय संघाचा २०१२ चा पीडितांच्या हक्कांचा निर्देश आहे, क्रमांक २९. डेन्मार्क सोडून संघातल्या सगळ्या देशांना तो लागू आहे, फ्रान्स-इटली त्यात आलेच. तुम्ही तिथले रहिवासी असा वा चार दिवसांचे पाहुणे, हक्क तेच. तक्रार कळणाऱ्या भाषेत देता यावी किंवा त्यासाठी भाषेची मदत मिळावी, तक्रारीची लेखी पोच मिळावी आणि मागितल्यास तिचं भाषांतर फुकट मिळावं, असं त्याच्या पाचव्या कलमात स्पष्ट आहे. प्रत्यक्षात ताटकळावं लागेल, आणि पाकीट बहुधा परत मिळणार नाही, हेही कबूल. पण पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

आणि समजा, खरंच कुणी अडकवलंच, तर १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं ३६ वं कलम आहे. अटकेतल्या परदेशी माणसाने मागणी केली की त्याच्या वकिलातीला विनाविलंब कळवावं लागतं. वकिलातीचे लोक भेटू शकतात, वकील मिळवून देऊ शकतात. सोडवून आणू शकत नाहीत.

दुसरा मुद्दा: दूतावास २४ तासांत रोख पैसे आणि विमानाचं तिकीट देतो, "हा तुमचा हक्क आहे". यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे आणि त्यातून संकटात सापडलेल्यांची राहण्याची, परतीच्या तिकिटाची सोय होते. पण ती माणसाची ऐपत आणि गरज पाहून. आखातात मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या मजुरासाठी तो आधार आहे. खरेदीचे युरो मारले गेले म्हणून आत्याला तिथून काही मिळायचं नाही.

"व्हिसाच्या विम्यात सगळं भरून मिळतं." नाही. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, सक्तीचा असलेला किमान ३०,००० युरोंचा विमा आजारपण, इस्पितळ आणि मायदेशी परत आणण्यासाठी असतो. चोरीचं कव्हर पॉलिसीत वेगळं आहे का, ते बघायचं.

"११२ फक्त भारतात चालतो." संकटात मदत मागण्याचा हा नंबर युरोपभर चालतो, फुकट.

पाचवा तर कळस! "एटीएमपाशी चोराने धमकावलं तर पिन उलटा टाका, पैसे मिळतील आणि पोलीस आपोआप येतील." ही थाप फॉरवर्डच्या जमान्याआधीपासून इमेलमधून फिरतेय. मग १२२१ पिनवाल्याने काय करायचं?

आत्याने पहिले चार मुद्दे खोडले. पाचव्यावर पेन अडलं. "हा राहू दे रे, काय बिघडतं?"

"आत्या, चोर समोर उभा असताना मशीन 'पिन चुकला' म्हणेल. मग?"