पहिली मॅच देवाला

आमचे नाना जेवायला बसले की अजूनही ताटाभोवती पाणी फिरवतात आणि चित्राहुती घालतात. भाताची चार शितं बाजूला काढून ठेवायची, मग पहिला घास. आयपीएलमधल्या आमच्या मुंबई इंडियन्सचंही असंच. २०१३ पासून २०२५ पर्यंत आमची टीम दर सीझनची पहिली मॅच हरली. चुकूनमाकून नव्हे, नेमानं. या नेमाला लोकलच्या डब्यापासून ऑफिसच्या कँटीनपर्यंत एकच वाक्य आहे : पहिली मॅच देवाला. आणि देव पावतो, हाही अनुभव आहे. पहिली मॅच हरून शेवटी कप उचलायचा, असं पाच वेळा झालं. २०१५ मध्ये तर पहिल्या चारही गेल्या होत्या, तरी कप आलाच. त्यामुळे मार्चमध्ये हरलेला मुंबईचा माणूस तुम्हाला दु:खी दिसणार नाही. उलट, काम मार्गी लागल्यासारखा दिसेल.

२०२४ ची पहिली मॅच नेमकी होळीच्या रात्री आली. २४ मार्च, रविवार, अहमदाबाद. १६९ करायचे होते, १६२ झाले. खाली सोसायटीच्या आवारात होळीभोवती पोरं तोंडावर हात मारून बोंबलत होती. मी गॅलरीत गेलो आणि त्यांच्यात माझी एक बोंब मिसळून आलो. शेजारच्यांनी काय झालं म्हणून विचारू नये, असा वर्षातला तो एकच दिवस.

आतल्या खोलीतून नानांनी विचारलं, ‘‘दिली का देवाला?’’

‘‘दिली.’’

‘‘बरं झालं. दिवा बंद कर.’’

नाना मूळचे रणजीवाले. त्यांच्या मते वीस ओव्हरचं क्रिकेट म्हणजे लग्नाला न जाता नुसतं जेवून येणं. पण जेवण ते एकही चुकवत नाहीत.

तीन दिवसांनी हैदराबाद. त्यांनी २७७ केले. तोपर्यंत आयपीएलमध्ये एवढे रन कोणी केले नव्हते. आम्हीही काही कमी केले नाहीत, २४६ केले. २४६ मध्ये माणूस साध्या दिवसात दोन मॅच जिंकेल. आम्ही ३१ रननी एक हरलो. नानांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, ‘‘मग ही कोणाला?’’

आता काय सांगणार? ‘‘कुलदैवताला,’’ मी म्हणालो. नाना गप्प झाले, पण प्रश्न घरात राहिला.

तिसरी मॅच वानखेडेवर, राजस्थानबरोबर, तारीख १ एप्रिल. मी ताट घेऊन सोफ्यावर टेकतोय, तोवर बोल्टनं पहिल्याच ओव्हरमध्ये दोन बॉलवर दोन काढले : रोहित आणि नमन धीर. पाठोपाठ ब्रेव्हिस. तिघंही आपापल्या पहिल्या बॉलवर. माझी पोळी अजून दुमडायची होती. सगळे मिळून १२५. ही मॅच मी मुंबादेवीच्या नावे टाकली. घरच्या मैदानावरची, दुसऱ्या कोणाला देणार?

त्या दिवसांत हरण्यापेक्षा वाईट एक गोष्ट चालू होती. डिसेंबरमध्ये कॅप्टन बदलला होता. दहा वर्षं कॅप्टन राहिलेला, पाच कप आणलेला बोरिवलीचा रोहित आता नुसता प्लेअर, आणि गुजरातहून परत आणलेला हार्दिक कॅप्टन. लोकांना हे पचलं नाही. टॉसला नाव पुकारलं की आपल्याच वानखेडेवर हुर्यो. सूत्रसंचालकाला माइकवरून सांगावं लागलं, जरा नीट वागा. माझं मन मी मोकळं करतो : अहमदाबादला हार्दिकनं आमचा हुकमी बॉलर बुमरा याच्या आधी स्वत: बॉल हातात घेतला, तेव्हा मीही घरात हुर्यो केली होती. बायको इस्त्री करत होती. ती म्हणाली, ‘‘त्याला ऐकू गेली का?’’ मी नाही म्हणालो. ‘‘मला आली,’’ ती म्हणाली. त्यानंतर मी केली नाही. म्हणजे मोठ्यानं केली नाही.

इथे मला गॅलरीतल्या कपड्यांबद्दल सांगायला हवं.

२५ मे २०१४. समोर राजस्थानच. प्लेऑफमध्ये, म्हणजे पहिल्या चारांत, जायचं तर १९० रन नुसते करून भागत नव्हतं, १४.३ ओव्हरमध्ये करायचे होते. कोरी अँडरसननं ४४ बॉलमध्ये नाबाद ९५ मारले, पण १४.३ झाल्या तेव्हा स्कोअर बरोबर १८९. टाय. आम्ही संपलो असं समजून मी टीव्हीकडे पाठ फिरवली आणि गॅलरीतले कपडे काढायला गेलो. तेवढ्यात आत कोणीतरी गणित केलं की, पुढच्याच बॉलला फोर गेली तरी आपण जातोय. समोर आदित्य तरे. माझ्या हातात नानांची धोतरं. घरात जो आरडाओरडा झाला तो ऐकून मी आत आलो, तेव्हा बॉल फोरला नव्हे, सिक्सला गेला होता आणि मी तो बघितला नव्हता.

त्या रात्रीपासून घरात ठरून गेलं की मुंबई अडचणीत आली की यानं गॅलरीत जाऊन कपडे काढायचे. जिंकलो तर कपड्यांमुळे, हरलो तर कपडे उशिरा काढल्यामुळे. पुढे माझ्या लक्षात आलं की एप्रिल-मेमध्ये बायको कपडे संध्याकाळी सातला वाळत घालते. पण श्रद्धेच्या बाबतीत मी जास्त खोलात जात नाही.

तर ७ एप्रिलला, रविवारी दुपारी, दिल्लीबरोबर आमच्या बॅटिंगच्या शेवटच्या ओव्हरला मी गॅलरीत होतो. चादर काढली, आतून ओरडा. उशीचा अभ्रा, ओरडा. दोन टॉवेल, दोन ओरडे. रोमारियो शेफर्डनं त्या एका ओव्हरमध्ये ३२ मारले : चार, सहा, सहा, सहा, चार, सहा. सीझनमधला पहिला विजय मिळाला. मैदानात त्या दिवशी हजारो शाळकरी पोरं बोलावलेली होती, त्यामुळे हुर्योही नव्हती. दोन दिवसांनी पाडवा आला. नानांनी पंचांग वाचलं : शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर. ‘‘वानखेडेवर बसून नाव ठेवलेलं दिसतंय,’’ ते म्हणाले. ११ तारखेला बुमरानं बेंगळुरूचे पाच काढले, सूर्यानं, म्हणजे आमच्या सूर्यकुमार यादवनं, १९ बॉलमध्ये ५२ मारले, १९७ आम्ही सोळाव्या ओव्हरलाच करून टाकले. मी कँटीनमध्ये दोन दिवस मान वर करून जेवलो.

मग १४ तारीख. चेन्नई.

माझी मुलगी चेन्नईची आहे. म्हणजे जन्म डोंबिवलीचा, पण भक्ती पिवळ्या रंगाची. हे कधी झालं मला कळलं नाही. मुलं कोणत्या संगतीत असतात याकडे आईबापांनी लक्ष द्यायला हवं होतं. आमच्या घरात त्या दिवशी सोफ्याच्या मधोमध एक उशी ठेवलेली असते, हद्द म्हणून. शेवटच्या ओव्हरला धोनी आला. चार बॉल उरले होते. बॉलर आमचा कॅप्टन. सहा, सहा, सहा, दोन. मुलीनं हद्द ओलांडली. मी तिला म्हणालो, वीस रननी काही होत नाही, मॅच मोठी आहे. रोहितनं नाबाद १०५ केले. आम्ही हरलो. किती रननी, हे मी त्या दिवशी तोंडानं सांगितलं नाही. ती मात्र झोपायला जाईपर्यंत वीसचा पाढा म्हणत होती.

इथून पुढे मी वही काढली. माणूस वही का काढतो? पॉइंट आपल्या हातात नसतात, आकडेमोड असते. पॉइंट सारखे झाले की वर कोण, हे नेट रन रेटवर ठरतं. तसं सोपं प्रकरण. पूर्ण सीझनमध्ये आपण केलेले रन भागिले आपण खेळलेल्या ओव्हर, त्यातून वजा आपल्याला मारलेले रन भागिले आपण टाकलेल्या ओव्हर. मेख एकच आहे. ऑल आउट झालात तर खेळलात तेवढ्या ओव्हर धरत नाहीत, पूर्ण वीस धरतात. आउट होऊन वर दंड. दहावीला मला गणितात जेमतेम पास केलं होतं, पण एप्रिलमध्ये मी ओव्हरचे बॉल करून दशांश तिसऱ्या स्थळापर्यंत भागाकार करत होतो. लोकलमध्ये उभ्यानं. एका काकांनी विचारलं, होम लोनचा हप्ता काढताय का? मी हो म्हणालो. तेही नुकसानीचंच गणित.

पंजाबवर नऊ रननी जिंकलो आणि वहीत एक पूर्ण पान आशेचं भरलं. मग जयपूरला नऊ विकेटनी गेली. दिल्लीत त्यांनी २५७ केले, आम्ही २४७. दहा रन! तेवढे तर आमच्याकडे वाइडमध्ये निघतात. लखनौला हरलो. वानखेडेवर कोलकाता जिंकलं, २०१२ नंतर पहिल्यांदा. नानांचा प्रश्न आता ठरलेला असे आणि माझ्याकडचे देव भराभर संपत होते. वास्तुपुरुष झाला, क्षेत्रपाळ झाला, पितर झाले, गाय झाली, कावळासुद्धा झाला. बायको म्हणाली, इतकं दान कर्णानंही केलं नसेल.

६ मेला सूर्यानं हैदराबादविरुद्ध शंभर ठोकले आणि मी वही परत उघडली. अमुक हरलं, तमुकची मॅच पावसात गेली, फलाण्यानं फलाण्याला मोठ्या फरकानं मारलं, तर १२ पॉइंटवर अजून जागा आहे. रात्री एक वाजेपर्यंत बसून मी आम्हाला चौथ्या नंबरवर नेऊन ठेवलं. ८ मेला आमची मॅचच नव्हती. हैदराबाद आणि लखनौ खेळत होते. हैदराबादला १६६ करायचे होते. मी आत जाऊन चहा टाकला, आलं किसलं, उकळी येऊ दिली. बाहेर आलो तर बरेचसे झाले होते. एकही विकेट न देता त्यांनी ९.४ ओव्हरमध्ये संपवलं, आणि त्या निकालाबरोबर दहा टीममधून पहिली बाहेर पडलेली टीम आमची. न खेळता हरण्याचा हा प्रकार मला नवीन होता. कपडे काढायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

उरलेल्या दोन मॅच कशाला बघायच्या, असं बायकोनं विचारलं. उत्तर नव्हतं, म्हणून बघितल्या. दोन्ही गेल्या. १७ मेला शेवटची हरलो तेव्हा नानांनी विचारलंच नाही. मीच विचारलं, ‘‘नाना, ही कोणाला लिहू?’’ ते म्हणाले, ‘‘आता असू दे. घरातल्या घरात ठेव.’’ चौदापैकी चार, पॉइंट आठ, दहापैकी दहावे. पण वही पुरती बंद करण्याआधी मला एक रत्न सापडलं. आमचा नेट रन रेट उणे ०.३१८ होता आणि आमच्या वर असलेल्या चार टीमचा आमच्यापेक्षा वाईट होता. म्हणजे आम्ही हरलो, पण व्यवस्थित हरलो. कँटीनमध्ये हे मी समजावून सांगू लागलो, तर टेबल हळूहळू रिकामं झालं.

त्यात शेवटच्या मॅचला ओव्हर वेळेत टाकल्या नाहीत म्हणून कॅप्टनवर एका मॅचची बंदी आली. सीझनमधली तिसरी चूक होती. आता सीझन तर संपलेला, म्हणजे बंदी पुढच्या वर्षीच्या पहिल्या मॅचला. ही बातमी वाचून मला आमच्या टीमबद्दल पुन्हा आदर वाटला. हरायची ठरलेलीच मॅच शिक्षेत वळती करून घेतली. असा हिशेब आमच्या सोसायटीच्या खजिनदारालाही जमत नाही.

महिना-दीड महिन्यात बार्बाडोस झालं. वर्ल्ड कपची फायनल, शेवटची ओव्हर हार्दिकची, सीमारेषेवरचा तो कॅच सूर्याचा, बुमरा आहेच, आणि कप रोहितच्या हातात. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवर मुंगी शिरायला जागा नव्हती. वानखेडेवर हार्दिकच्या नावाचा गजर चालला होता. नाना टीव्हीजवळ सरकले. ‘‘हे एप्रिलमधलेच लोक का रे?’’ मी म्हणालो, वेगळे असतील. माझा घसा बसला होता, त्यामुळे हळू म्हणालो.

२३ मार्च २०२५, चेन्नई. पहिली मॅच. कॅप्टन बंदीमुळे बाहेर, सूर्या कॅप्टन. हरलो. मुलगी सोफ्यावर उभी राहून नाचली. मी शांतपणे पाणी प्यालो. नानांनी विचारलं, मी ‘देवाला’ म्हणालो, घरात कसं सगळं परत जागच्या जागी आल्यासारखं झालं.

मग चेन्नई हरायला लागली. एक, दोन, तीन. मुलगी आधी म्हणाली, सुरुवात आहे. मग म्हणाली, पिच खराब आहे. मग जेवताना बोलेनाशी झाली. ३० एप्रिलला चेपॉकवर पंजाबबरोबर मॅच होती. चेन्नई १९० वर ऑल आउट झाली, चहलनं एका ओव्हरमध्ये हॅटट्रिक घेतली. ती उठून कपाटाकडे गेली आणि माझी जुनी वही काढून घेऊन आली.

‘‘बाबा, आम्ही १९.२ ला संपलो. म्हणजे १९.२ च धरायच्या ना?’’

‘‘नाही गं. वीस.’’

‘‘अख्ख्या?’’

‘‘अख्ख्या.’’

तिनं आकडा खोडला. पुढचे काही रन आम्ही दोघं काही न बोलता बघत होतो. उशी कोणीतरी खाली टाकली होती. पंजाबला थोडेच उरले तेव्हा ती नखं खायला लागली, आणि मला बघवेना.

‘‘गॅलरीत कपडे आहेत,’’ मी म्हणालो. ‘‘वाळलेत का बघ जरा.’’

ती निमूटपणे उठून गेली. आतून बायको ओरडली, ‘‘चिमटे डब्यात टाक, मागच्या वेळी बाबांनी सगळे खाली पाडले होते!’’