‘ऑपरेशन करून टाका, ताई’

नाशिकमधील एखाद्या आरोग्य केंद्रात कुटुंबनियोजनाचा समुपदेशक म्हणून आपली नुकतीच नेमणूक झाली असेल, तर प्रथम अभिनंदन आणि लगोलग एक सूचना: समोर आलेल्या बाईला काहीही विचारू नका. प्रशिक्षणात आपणास नेमके उलट शिकवले असेल, म्हणजे आधी विचारपूस, मग सर्व साधनांची माहिती आणि शेवटी निवड तिची. परंतु ते प्रशिक्षण ज्या सभागृहात झाले तेथे बाहेर रांग नव्हती.

सुरुवात खुर्च्यांपासून करावी. पहिली खुर्ची सासूबाईंना, दुसरी नवऱ्याला आणि तिसरीवर केसपेपरांचा गठ्ठा. बाई उभी राहिली तरी चालते, कारण निर्णय तिच्या शरीराविषयी असला तरी तो तिच्याशी बोलून घ्यायचा नसतो. दार उघडे ठेवावे आणि ‘पाळी कधी आली?’ हा प्रश्न औषधांच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या मंडळींनाही नीट ऐकू जाईल, अशा आवाजात विचारावा. निरोधचा उल्लेख मात्र कुजबुजत करावा. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि या विषयावर उघडपणे लिहिल्याबद्दल खटले सोसले. आपणास त्याच विषयावर बोलण्याचा पगार मिळतो, तेव्हा धोका कशाला पत्करावा?

साधनांचा तक्ता भिंतीवर आहे; तो भिंतीवरच राहू द्यावा. ‘अंतरा’चे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, ‘छाया’ची गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा, तांबी एका प्रकारची पाच वर्षे तर दुसऱ्या प्रकारची दहा वर्षे, हे सारे सांगत बसलात तर बाई विचार करू लागेल. ‘अंतरा’ने पाळी अनियमित होते, कधी थांबतेही आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते, हे तर मुळीच सांगू नये. न सांगितल्यास ती घाबरून दुसऱ्या इंजेक्शनाला येत नाही आणि रांग आपोआप आखडते. तांबी वर चढून काळजाला लागते, असे सासूबाई म्हणाल्या तर गंभीरपणे मान डोलवावी. गर्भाशयातून छातीकडे वाट नसते, हे चित्र काढून दाखवायला एक मिनिट लागते आणि तेवढ्यात दोन केसपेपर निकालात निघतात.

ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला सुरगाणा-पेठकडून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर आलेली मजूर बाई इंजेक्शन घ्यायला आली, तर तीन महिन्यांनी ती कुठे असेल, ही चौकशी आपल्या कामात बसत नाही. कार्डावर तारीख लिहावी आणि मोकळे व्हावे. तारीख उलटून चार आठवड्यांपर्यंत इंजेक्शन घेता येते, कार्ड दाखवून गावाकडच्या सरकारी केंद्रातही घेता येते, ही माहिती दिल्यास बायकांना शिस्त राहत नाही.

आता नवरा. त्याच बागेचा मालक पाहा. एप्रिलची खरड छाटणी कधी घ्यावी, काडीवर डोळे किती राखावेत, कात्री नेमकी कुठे चालवावी, हे त्याला तोंडपाठ असते. पण बिनटाक्याच्या पुरुष नसबंदीचे नाव काढताच कात्रीविषयी इतका निर्भय असलेला हा गृहस्थ पाणी प्यायला बाहेर जातो. त्याला अडवू नये. सातपूरच्या कारखान्यात शिफ्ट करणारा असेल, तर ‘जड उचलावं लागतं, अशक्तपणा येईल’ हा आक्षेप त्याने घेण्याआधी आपणच घ्यावा. ही शस्त्रक्रिया स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असते, पोट उघडावे लागत नाही, फक्त नंतर तीन महिने दुसरे साधन वापरून वीर्य तपासून घ्यावे लागते, ही माहिती त्याच्यापासून राखून ठेवावी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के आढळली. इतका सुंदर समतोल आपल्या हातून बिघडता कामा नये.

गंगापूर रोडकडची एखादी मुलगी तोंडाला स्कार्फ बांधून एकटीच गर्भपाताविषयी विचारायला आली, तर पहिला प्रश्न ‘लग्न झालंय का?’ असाच असावा. २०२१ च्या दुरुस्तीने गर्भपाताच्या कायद्यात ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ हा शब्द आला आणि सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती त्यापूर्वीही पुरेशी होती. तरीही नवऱ्याची सही मागावी. नवरा नसेल तर वडिलांची. ती पुन्हा आली नाही, तर प्रश्न सुटला असे समजावे. कुठे गेली असेल, याचा रकाना आपल्या नोंदवहीत नाही.

शेवटी संमतिपत्रावर अंगठा घ्यावा. ‘सर्व पर्याय मला समजावून सांगण्यात आले’ ही ओळ त्यावर छापलेलीच असते, त्यामुळे आपणास खोटे लिहावे लागत नाही. क्वचित एखादी बाई दारापर्यंत जाऊन थबकते, सासूबाई पुढे गेल्याची खात्री करून घेते आणि हळूच विचारते, ‘मॅडम, ऑपरेशन सोडून दुसरं काही असतं का हो?’ अशा वेळी नजर केसपेपरवरच ठेवावी आणि पुढचा नंबर पुकारावा.